पंधरावी स्टिक

क्लबचं नाव लिहीत नाही, पोट त्याच्यावर आहे. एकोणीस वर्षं पुण्यात गोल्फ कॅडीचं काम करतोय, म्हणजे खेळणाऱ्याची स्टिकची बॅग घेऊन त्याच्याबरोबर फिरायचं, जॅकेटवर नंबर चौतीस, आणि मेंबर लोकांपैकी मला नावाने हाक मारणारे दोन का तीन, बाकी सगळे "ए चौतीस". त्याचं काही वाटत नाही आता. जुलैतल्या एका शनिवारी जे झालं ते मात्र डोक्यातनं जात नाहीये, बायकोला सांगून झालं, ती म्हणाली झालं गेलं सोडा. सुटत नाही म्हणून लिहितोय.

शनिवारी आमच्याकडे वीकली स्टेबलफोर्ड असतं. कुणाला माहीत नसेल तर, यात एकूण फटके मोजत नाहीत, प्रत्येक होलला पॉइंट मिळतात. तुमचा हँडिकॅप (कच्च्या खेळाडूला मिळणारी फटक्यांची सूट) वजा करून पार, म्हणजे त्या होलला ठरवून दिलेले फटके, आला तर दोन, एक फटका कमी लागला तर तीन, एक जास्त लागला तर एक, त्याहून वाईट खेळलात तर भोपळा आणि बॉल उचलून पुढे चला. अठरा होलला ३६ झाले म्हणजे माणूस आपल्या लायकीप्रमाणे खेळला. स्टेबलफोर्ड नावाच्या इंग्लिश डॉक्टरने ही पद्धत काढली आणि १९३२ मध्ये वॅलेसीच्या क्लबात तिची पहिली स्पर्धा झाली. डॉक्टरसाहेबांचे फार उपकार आहेत, नाहीतर आमचे काही मेंबर एकेका होलला चौदा चौदा फटके मारत बसले असते आणि आम्ही अंधार पडेपर्यंत पावसात उभे.

बक्षीस म्हणाल तर प्रो शॉपचं, म्हणजे क्लबातल्या दुकानाचं व्हाउचर आणि सगळ्यांनी दोनशे दोनशे रुपये टाकून केलेला पूल. गाडीच्या सर्व्हिसिंगला याच्या कितीतरी पट देणारी माणसं त्या पूलसाठी झाडीत हात घालून बॉल शोधतात. शोधायला २०१९ पासून तीनच मिनिटं मिळतात, आधी पाच होती. घड्याळ कोण लावतं? कोणी नाही. आणि सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य, "अरे फ्रेंडली गेम आहे."

आमचे साहेब त्यातले नाहीत. बँकेतनं मोठ्या पोस्टवरनं रिटायर झालेले, वय सहासष्ट, कोर्सवर बोलणं अगदी कमी, कोर्स हँडिकॅप २१. चार वर्षं शनिवारी त्यांची बॅग माझ्याकडे असते. बॉल गुडघ्याच्या उंचीवरनं ड्रॉप करणारा आमच्याकडचा हा एकमेव म्हातारा, बाकीचे अजून खांद्यावरनंच सोडतात, नवा नियम येऊन किती वर्षं झाली.

आता माझी चूक, ती पहिली सांगतो. कॅडी म्हणजे हमाल असं बाहेर वाटतं. बॅग उचलणं हे त्यातलं सगळ्यात सोपं काम आहे. वारा बघायचा, अंतर सांगायचं, ग्रीनचा, म्हणजे झेंड्याभोवतीच्या बारीक गवताचा उतार वाचायचा, साहेबाचा मूड वाचायचा, बॉल कुठे पडला ते ध्यानात ठेवायचं, आणि सगळ्याच्या आधी, पहिल्या टीवर, म्हणजे होलचा पहिला फटका मारतात तिथे जायच्या अगोदर, स्टिक मोजायच्या. चौदाच्या वर एक जरी असली तरी पेनल्टी. वापरली का नाही ते कोणी विचारत नाही, बॅगेत होती का एवढंच. माझी मोजायची पद्धत ठरलेली आहे. आधी डोकी झाकलेल्या, ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायची), तीन नंबर वूड, पाच नंबर वूड आणि हायब्रीड, झाल्या चार. मग पाच ते नऊ नंबर आयर्न, त्या पाच. मग वेज चार. मग पटर. चौदा. हात लावून मोजायचं, डोळ्याने नाही, हे मला ज्या म्हाताऱ्या कॅडीने शिकवलं तो नुसतं बघून मोजणाऱ्याला डोक्यात टपली मारायचा.

त्या दिवशी सकाळी साडेसहाला धो धो पाऊस. बॅगरूममधनं बॅग काढली तेव्हाच वर रेनहूड लावलेला, चेन बंद. चेन उघडली तर सगळ्या ग्रिप ओल्या होणार आणि पहिल्याच टीवर साहेबांच्या हातातनं ड्रायव्हर निसटणार. मी बाजूचा फ्लॅप जरासा वर करून ड्रायव्हर तेवढा ओढून काढला. साहेबांनी नेहमीसारखं विचारलं, "मोजल्या?" आणि मी नेहमीसारखं म्हणालो, "हो साहेब, चौदा."

पुढचे नऊ होल मी जन्मात विसरणार नाही. साहेब असे खेळले की आमच्या चौघांतले ते बिल्डर साहेब, जे मार्कर होते, म्हणजे साहेबांचं कार्ड लिहीत होते, ते तिसऱ्या होलपासनं थट्टा करायचे बंद झाले. सहावं होल पार थ्री, १४८ यार्ड, समोर तळं, वारा तोंडावर. साहेबांनी सात नंबरला हात घातला. मी म्हणालो पाच घ्या, नंबर लहान तेवढा बॉल लांब जातो. "पाच? १४८ ला?" मी म्हणालो, साहेब, झेंडा बघू नका, मागची निलगिरी बघा. झेंडा खड्ड्यात आहे तिथे वारा लागतच नाही, वर शेंडे आडवे होत होते. पाच घेतली. बॉल वर गेला, हवेत जणू कुणी हाताने धरून ठेवला, आणि झेंड्याच्या चार पावलं अलीकडे थप्प करून चिखलासकट बसला. दोन पटात, म्हणजे ग्रीनवरच्या दोन हलक्या फटक्यांत पार, त्यांना तिथे एक फटका मिळतो म्हणजे तीन पॉइंट. साहेब मागे वळून काही बोलले नाहीत, स्टिक माझ्याकडे देताना नुसती मान हलवली. आम्हाला तेवढं पुरतं, खरंच पुरतं.

नऊ होलला २१ पॉइंट. हाफवे हटवर ऑम्लेट आणि चहा, पाऊस उघडला. सगळ्यांच्या बॅगा स्टँडला एका रांगेत, कॅडी लोक टॉवेल पिळतायत, कव्हरं झटकतायत. मी दहाव्या टीवर जाऊन हूड काढला आणि ग्रिप पुसायला घेतल्या. एक, दोन, तीन, चार. आणि काळ्या कव्हरची अजून एक. कव्हर काढलं तर हायब्रीड, पाच नंबरची, नवी कोरी. आमची चारची आहे.

पोटात गोळा आला. कॅडी लोकांत एक गोष्ट सगळ्यांना पाठ असते, २००१ च्या ब्रिटिश ओपनची. इयान वूसनम, शेवटचा दिवस, रॉयल लिदमचं पहिलं होल पार थ्री, म्हणजे छोटं, म्हणून ड्रायव्हर काढायची वेळच आली नाही, पठ्ठ्याने बर्डी मारली, पारपेक्षा एक कमी, आणि दुसऱ्या टीवर कॅडी म्हणतो, बॅगेत दोन ड्रायव्हर आहेत. दोन फटके गेले. वूसनमने त्या दिवशी त्याला काढलं नाही, काढलं दोन आठवड्यांनी, झोपून राहिला म्हणून. आम्ही पोरं ही गोष्ट सांगून हसायचो. एवढं कसं दिसत नाही म्हणे माणसाला.

मी साहेबांजवळ गेलो आणि हळूच म्हणालो, "साहेब, पंधरा आहेत." त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग बॅगेकडे. ती हायब्रीड हातात घेतली, फिरवून बघितली, म्हणाले, "ही आपली नाही." एवढंच. मग स्वतःच्या हाताने तिचं डोकं खाली, ग्रिप वर अशी उलटी बॅगेत घातली आणि बिल्डर साहेबांना म्हणाले, "पंधरा निघाल्या रे माझ्याकडे. ही बाद." नियमच आहे तसा, कळल्या कळल्या जास्तीची बाद करायची, नाहीतर डिस्क्वालिफाय. बिल्डर म्हणाले, "वापरलीस का? नाही ना? मग जाऊ दे, फ्रेंडली गेम आहे." साहेब टीवर गेले.

स्टेबलफोर्डमध्ये जास्तीच्या स्टिकची पेनल्टी एका होलला दोन पॉइंट, जास्तीत जास्त चार, आणि ते एकूण बेरजेतनं जातात. कार्ड देताना कमिटीला स्वतःहून सांगायचं, नाही सांगितलं तर बाद. बॅक नाइनला, म्हणजे शेवटच्या नऊ होलला, माझं डोकं ठिकाणावर नव्हतं, तेराव्याला मी चुकीचं अंतर दिलं आणि पंधराव्याला झेंडा धरून दुसरीकडेच बघत राहिलो, तरी साहेबांनी १८ काढले. एकूण ३९. बिल्डरांचे ३७. बाकी कोणी ३६ च्या वर नाही.

कार्ड द्यायला ऑफिसच्या खिडकीशी सगळे जमले. आत क्लार्क, बाहेर हे चौघं, मी बॅग घेऊन मागे. साहेबांनी सांगितलं, दहाव्या टीवर पंधरा निघाल्या. क्लार्कने नियमाचं पुस्तक काढलं, चष्मा लावला. तेव्हा बिल्डर साहेबच म्हणाले, आणि हे मला महत्त्वाचं वाटतं कारण चार पॉइंट गेले तर जिंकणार तेच होते, ते म्हणाले, "अरे पण हाफवेला बॅगा एकत्र होत्या. कुणाच्या तरी कॅडीने चुकून याच्यात घातली असेल. सकाळी तर चौदा होत्या म्हणाला ना हा?"

बरोबर आहे ते. नऊ होल झाल्यावर कुणी घातली आणि दहाव्याचा पहिला फटका मारायच्या आत सापडली, तर एकाही होलला पंधरा स्टिक घेऊन खेळणं झालंच नाही. पेनल्टी शून्य. ३९ ते ३९.

क्लार्क साहेबांकडे बघायला लागला. आणि साहेब वळले, माझ्याकडे, आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "काय रे, सकाळी किती होत्या?"

मला एवढंच म्हणायचं होतं, चौदा. सकाळी म्हणालोच होतो. सगळ्यांनी ऐकलं होतं. माझीही चूक गेली, साहेबांचे पॉइंटही वाचले, बिल्डर पण खूश. मी म्हणालो, "मोजल्या नव्हत्या साहेब. पाऊस होता, हूड उघडला नाही. तसंच चौदा म्हणालो."

कुणी काही बोललं नाही. क्लार्कने लिहिलं, वजा चार, ३५. बिल्डर साहेब पहिले आले, संध्याकाळी सगळ्यांना बिअर पाजली म्हणे, आम्हाला कॅडी शेडमध्ये एकेक सामोसा. साहेबांनी फी दिली, नेहमीएवढीच टिप दिली, कमी नाही जास्त नाही, आणि गाडी काढून गेले. कॅडी मास्टरने मात्र मला शुक्रवारपर्यंत बसवलं. सहा दिवस बिनकामाचा. बरं, त्याला कुणी सांगितलं, तर साहेबांनी नाही, क्लार्कने. या क्लार्कने गेल्या वर्षी एका मेंबरचं सही नसलेलं कार्ड घेतलं होतं, ते कुठे गेलं विचारू नका.

बसवलेल्या दिवसांत, सोमवारी, आम्ही खेळायला गेलो. सोमवारी कोर्स मेंबरना बंद असतो, तेव्हा कॅडी लोकांना खेळायला मिळतं. अली शेर दिल्लीत कॅडीच होता, १९९१ ला त्याने इंडियन ओपन मारली, तेव्हापासनं प्रत्येक शेडमध्ये एक तरी पोरगा स्वतःला अली शेर समजतो. तिथे रेंजवर, म्हणजे सरावाच्या जागी, बॉल गोळा करणारा पोरगा मला म्हणाला, "चौतीसभाऊ, त्या हायब्रीडचं काय झालं? तुमच्या साहेबांनी गुरुवारी प्रो शॉपमधनं ट्रायलला घेतली होती, दोन बादल्या बॉल मारले तिने. रजिस्टरला सही आहे."

गुरुवारी.

म्हणजे दहाव्या टीवर त्यांनी ती हातात घेऊन फिरवली तेव्हा त्यांना माहीत होतं. निदान आठवलं असणार. "ही आपली नाही" हे तर खरंच, ती प्रो शॉपची होती. आणि खिडकीशी मला विचारलं तेव्हाही माहीत होतं की सकाळी पंधराच होत्या. मग मला का विचारलं? मी चौदा म्हणावं म्हणून? का मी काय म्हणतो ते बघायला? का मी माझ्या तोंडाने कबूल करावं म्हणून? आणि मी चौदा म्हणालो असतो तर ते गप्प बसले असते का, का तिथेच म्हणाले असते की नाही, गुरुवारपासनंची आहे? चार वर्षं त्यांचे पट वाचतोय मी, चार फुटाचा उतार डाव्या बाजूने का उजव्या हे लांबूनच सांगतो. हे वाचता येत नाही.

पुढच्या शनिवारी कॅडी मास्टरने स्लिप दिली, साहेबांनी चौतीसच मागितला होता. पाऊस होताच. पहिल्या टीजवळ छत्री उघडी ठेवून मी हूडची चेन पूर्ण खाली ओढली आणि हात लावून मोठ्याने मोजलं. साहेब बाजूला हातमोजा चढवत होते, त्यांचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. चौदा. "ठीक," म्हणाले.

बॅगेत पाच नंबर वूड नव्हतं. त्याच्या जागी ती हायब्रीड होती, विकत घेतली त्यांनी. चांगली आहे स्टिक, रफमधनं, लांब गवतातनं, मस्त निघते. प्रत्येक फटक्यानंतर पुसतो मी ती.