मोतीच का? तुम्ही विचारलंत म्हणून

कमला हॅरिसच्या गळ्यात सारखे मोतीच का असतात, हे मला २०२१ पासून मावशीपासून शाळेच्या ग्रुपवरच्या मैत्रिणींपर्यंत सगळ्यांनी विचारलंय, कारण मी वॉशिंग्टनजवळ राहते आणि ऑफिसातल्या एक सीनियर बाई तिच्याच सोरोरिटीच्या आहेत.

सोरोरिटी म्हणजे कॉलेजातल्या मुलींचं भगिनी मंडळच समजा, फक्त हे कॉलेज संपलं तरी सुटत नाही, जन्मभर राहतं. हिचं नाव अल्फा कॅपा अल्फा, १५ जानेवारी १९०८ ला इथल्या हॉवर्ड युनिव्हर्सिटीत सुरू झालेली, ग्रीक अक्षरांचं नाव घेतलेली कृष्णवर्णीय मुलींची पहिली सोरोरिटी. गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा ४३ वर्षं झाली होती, ती स्वतः भोगलेली माणसं अजून घराघरात होती, आणि त्या काळात या मुली ग्रीक-लॅटिन शिकत होत्या!

आधी ९ जणी, मग ७, आणि १९१३ मध्ये संस्था रजिस्टर झाली तेव्हाच्या ४, अशा २० संस्थापक. म्हणून २० मोती. बाई स्थापनादिनाला जॅकेटवर पिन लावून येतात, आयव्हीच्या पानाच्या आकाराची, अंगठ्याच्या नखाएवढी, कडेने बारीक मोती. मी एकदा वाकून मोजायलाच लागले तर बाई स्तब्ध उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, यातली एक ल्युसी स्लो. ही १९१७ मध्ये टेनिसची राष्ट्रीय चॅम्पियन झाली, पुढे हॉवर्डमध्येच मुलींची पहिली डीन. तेव्हापासून मला ते मोती दागिना वाटतच नाहीत, बायका वाटतात.

आयव्हीचा वेल बारा महिने हिरवा, भिंतीला धरून वर चढत राहतो, त्यामुळे त्याचा अर्थ वेगळा सांगायला नको. संस्थेचे रंग सॅमन गुलाबी आणि सफरचंदी हिरवा, फूल गुलाबी टी रोझ, म्हणजे गुलाबाचीच एक जात.

पण या खुणा आयत्या टिकल्या नाहीत हं. संस्थेतल्याच २२ जणींना नाव, रंग, चिन्हं सगळंच बदलायचं होतं, आणखी उघडपणे समाजात उतरायचं होतं, त्यांनी बाहेर पडून १३ जानेवारी १९१३ ला डेल्टा सिग्मा थीटा काढली आणि ३ मार्चला बायकांच्या मताधिकाराच्या मोर्चात चालल्या. इकडे जुनी सभासद नेली क्वांडर हिने २९ जानेवारीला जुनी संस्था रजिस्टर करून घेतली, म्हणून आयव्ही आणि गुलाबी-हिरवा राहिले. मला दोन्हीकडच्या बरोबर वाटतात, अगदी मनापासून.

कमला १९८६ मध्ये हॉवर्डमध्येच यात आली. २० जानेवारी २०२१ ला तिने उपराष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली तेव्हा अमेरिकेत कितीतरी जणींनी घरात बसून मोती घातले होते, आमच्या बाईंनी पण, घरातल्या स्वेटरवरच.

काही अर्थ त्या फक्त आपल्या सभासदांनाच सांगतात. ते मी कधी विचारले नाहीत.