जुन्या सर्व्हरवर शेअर प्रिंटर लावताना

नाशिकच्या सातपूर, अंबडमधल्या कारखान्यांत आणि शरणपूर रोडवरच्या ऑफिसांत विंडोज सर्व्हर २००८ आर२ ही मायक्रोसॉफ्टची जुनी सर्व्हर प्रणाली अजूनही भेटते. कंपनीने त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला थांबवला, त्यामुळे तो इंटरनेटपासून लांबच ठेवा. प्रिंटिंगसाठी मात्र तो आजही नीट चालतो. फक्त विंडोजला आपोआप काही शोधू देऊ नका. पोर्ट (प्रिंटरकडे जायची वाट) आणि ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर) स्वतःच्या हाताने लावा.

आधी प्रिंटरचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, पक्का करा. राउटर १०० ते १९९ पत्ते वाटत असेल तर प्रिंटरच्या पॅनलवरून १९२.१६८.१.२२० असा त्याबाहेरचा द्या. हे टाळलं की लाइट जाऊन आल्यावर प्रिंटरला नवा पत्ता मिळतो, सर्व्हर जुन्याच पत्त्यावर कामं पाठवत राहतो आणि रांग तुंबते. सर्व्हर आणि स्विच यूपीएसवर घ्या, लेझर प्रिंटर घेऊ नका; त्याचा फ्यूजर (टोनर कागदावर पक्का करणारा गरम भाग) तापताना इतका करंट ओढतो की छोटा यूपीएस ट्रिप होतो.

सर्व्हरवर 'ॲड प्रिंटर'मध्ये 'लोकल प्रिंटर' निवडा. प्रिंटर नेटवर्कवर असला तरी हाच पर्याय बरोबर आहे. नवीन पोर्ट 'स्टँडर्ड टीसीपी/आयपी', प्रोटोकॉल रॉ, नंबर ९१००. विंडोजने प्रिंटर स्वतः शोधून डब्ल्यूएसडी पोर्ट आपोआप तयार केला असेल तर तो वापरू नका. पोर्टच्या सेटिंगमध्ये 'एसएनएमपी स्टेटस'ची (प्रिंटरची स्थिती विचारणाऱ्या चौकशीची) खूण काढा. प्रिंटरने त्या चौकशीला उत्तर दिलं नाही की पिंग चालू असूनही विंडोज त्याला ऑफलाइन दाखवतं, आणि लोक उगाच केबल बदलत बसतात.

२००८ आर२ फक्त ६४ बिट आहे आणि त्याला टाइप ३ ड्रायव्हर लागतो. टाइप ४ ही ड्रायव्हरची नवी जात, ती सर्व्हर २०१२ पासून आली. नव्या मॉडेलचा जुना ड्रायव्हर मिळत नसेल तर त्याच कंपनीचा पीसीएल ६ युनिव्हर्सल ड्रायव्हर (अनेक मॉडेलना चालणारा) बघा. ऑफिसात ३२ बिट पीसी असतील तर शेअरिंग टॅबमधल्या 'ॲडिशनल ड्रायव्हर्स'मध्ये एक्स८६ चाही टाका, तोही त्याच व्हर्जनचा.

कागदाचा आकार बहुतेक जण चुकीच्या जागी बदलतात. 'प्रिंटिंग प्रेफरन्सेस'मध्ये ए४ केलं तर ते फक्त तुमच्या लॉगिनपुरतं राहतं. सगळ्यांसाठी ॲडव्हान्स्ड टॅबमधलं 'प्रिंटिंग डिफॉल्ट्स' उघडा. तिथे लेटर (अमेरिकन कागदाचा आकार) राहिलं की दुसऱ्या टेबलावरून दिलेलं चलन ए४ भरलेल्या ट्रेसमोर कागद मागत थांबतं.

आता पीसीकडे. सप्टेंबर २०२१ च्या सुरक्षा अपडेटपासून जोडणीची तपासणी कडक झाली. दोन्ही बाजूंचे अपडेट जुळत नसतील तर कोडच्या शेवटी ११बी असलेला एरर येतो. रजिस्ट्रीत ती तपासणी बंद करण्याचा उपाय सगळीकडे सांगितला जातो, पण त्याने सर्व्हर उघडा पडतो. एरर कोडच्या शेवटी ७०९ असेल आणि पीसी विंडोज ११ चा असेल तर ग्रुप पॉलिसीत प्रिंटर्सखाली 'कॉन्फिगर आरपीसी कनेक्शन सेटिंग्ज' उघडून 'नेम्ड पाइप्स' निवडून बघा. एसएमबी १ (विंडोजच्या फाइल-प्रिंटर शेअरिंगच्या प्रोटोकॉलची जुनी आवृत्ती) सुरू करायचा सल्ला मात्र ऐकू नका. २००८ आर२ ला एसएमबी २.१ येतं, १ ची गरज सर्व्हर २००३ ला होती.

एवढं करूनही जोडलं गेलं नाही तर पीसीवर ड्रायव्हर थेट टाका, नवीन 'लोकल पोर्ट' करा आणि पोर्टचं नाव म्हणून दोन उलट्या तिरक्या रेघा, सर्व्हरचं नाव, एक उलटी रेघ, शेअरचं नाव असं लिहा. सर्व्हरकडून ड्रायव्हर ओढायची पायरीच त्यात येत नाही. शेअरचं नाव छोटं, बिनस्पेसचं असू द्या. पाचसहाच पीसी असतील तर सर्व्हर मध्ये न आणता प्रत्येकावर थेट आयपी पोर्ट लावलेलं मला जास्त पटतं.

रांग अडकलीच तर प्रिंट स्पूलर (छपाईची कामं रांगेत लावणारी) सर्व्हिस थांबवा, सिस्टम३२ मधल्या स्पूल फोल्डरच्या आतलं प्रिंटर्स फोल्डर रिकामं करा, सर्व्हिस पुन्हा चालू करा. फोल्डर स्वतः उडवू नका, आणि आधी सगळ्यांना सांगा; त्या सर्व्हरवरच्या प्रत्येक प्रिंटरची थांबलेली कामं त्यात जातात.