जुनं व्हीएमसी, बदललेला कंट्रोल आणि माझे ४२ दिवस

मशीन घेतलं, म्हणजे व्हीएमसी: कंट्रोलच्या, म्हणजे त्याच्या कॉम्प्युटरच्या, हुकमानं धातू कापणारं मशीन. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचताना वाटेल की नाद सोडला असणार. मशीन आलं, चालतंय, पण डोक्यातला राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहायला बसलोय.

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं जॉबवर्क आहे. फाउंड्रीतून व्हॉल्व्ह बॉडी आणि पंपाची कव्हरं येतात, फेसिंग, बोअर, ड्रिल, टॅप होऊन परत जातात. एक व्हीएमसी दोन पाळ्या चालवूनही पुरेना. नव्याचं कोटेशन २८ लाख, वर १८ टक्के जीएसटी. एवढ्यात दलालाकडून कळलं की भोसरीत एक १९९६ चं जपानी मशीन निघालंय, साडेनऊ लाखांत. बीटी-४० मापाचा स्पिंडल (टूल फिरवणारा दांडा), बॉक्स वे (रुंद, सपाट घसरपट्ट्या), छत्रीवाला २० टूलचा एटीसी (आपोआप टूल बदलणारी यंत्रणा). मूळचा कंट्रोल काढून त्यावर फॅनुक या जपानी कंपनीचा झिरो-आय-एमडी बसवलेला (यालाच रेट्रोफिट म्हणतात), अक्ष सरकवणाऱ्या सर्वो मोटरी आणि त्यांचे ड्राइव्ह त्याच वेळी बदललेले. दलाल म्हणाला, "अंग जपानी, डोकं नवं. अजून काय पाहिजे तुम्हाला?"

लोखंड तपासायला एक दिवस पुरला. स्पिंडल अर्धा तास ६००० वर फिरवला आणि नाकाला हात लावून बघितला, कोमट होता. टेपरला (टूल बसतं त्या निमुळत्या भोकाला) निळं लावून मँड्रेल (तपासणीचा दांडा) बसवला, सगळीकडं छान उठलं. ३०० मिलिमीटरच्या टेस्ट बारवर टोकाला डायल १५ मायक्रॉन हलला (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). एवढ्या जुन्या मशीनला मी खूश होतो.

मग बॅकलॅश, म्हणजे दिशा बदलताना स्क्रूत जाणवणारा ढिला खेळ. टेबल मधोमध आणून पपटास (छोटा डायल) लावला, हँडव्हीलनं थोडं पुढं, थोडं मागं. एक्स अक्षाला फरक ८ मायक्रॉन. मालकाच्या चेहऱ्यावर हसू. मीही मान डोलावणार होतो, तेवढ्यात आठवलं आणि कंट्रोलमधला पॅरामीटर (सेटिंग) १८५१ उघडला. बॅकलॅशची भरपाई तिथं असते. एक्ससमोर आकडा होता ८२. म्हणजे खरा खेळ ९० मायक्रॉनचा, आणि कंट्रोल तो झाकत होता. टेबल एका टोकाला नेऊन परत डायल लावला तर उलटाच फरक यायला लागला. टेबल ओढणारा स्क्रू मधल्या भागात जास्त झिजतो, टोकाला कमी. भरपाईचा आकडा मात्र सगळ्या लांबीला एकच. मी आपली एक व्हॉल्व्ह बॉडी डिकीत टाकूनच नेली होती. तिच्यावर एंडमिलनं गोल फिरवून बोअर काढला, तर दिशा बदलते तिथं बोट फिरवलं की पायरी लागत होती. जुनं मशीन बघायला जाताना आपलं कास्टिंग न्या. त्यांनी दाखवायला ठेवलेला ॲल्युमिनियमचा चकचकीत तुकडा बघून येऊ नका.

बॉलस्क्रू दुरुस्तीचा खर्च धरून सौदा ८ लाख १० हजारांवर आला. इथपर्यंत सगळं सरळ होतं. इसार देण्याआधी मी तीनच गोष्टी मागितल्या: पॅरामीटर आणि लॅडरचा (सेन्सर-स्विचांवरून मशीनच्या हालचालींचा क्रम ठरवणाऱ्या प्रोग्रॅमचा) बॅकअप, इलेक्ट्रिकल ड्रॉइंग, लॅडरचा पासवर्ड.

ज्यांनी बदललेल्या कंट्रोलचं मशीन वापरलेलं नाही त्यांना हा हट्ट वाटेल. पण मूळ जपानी ड्रॉइंग आता रद्दी झालेलं असतं. पॅनल उघडला की सगळ्या वायरी रेट्रोफिट करणाऱ्याच्या मनातल्या. एटीसीचा एक प्रॉक्सिमिटी सेन्सर मेला तर तो कुठल्या इनपुटला येतो हे कोण सांगणार? पॅरामीटर जिथं राहतात ती मेमरी एका ३ व्होल्टच्या लिथियम बॅटरीवर जगते. स्क्रीनच्या कोपऱ्यात 'बॅट' लुकलुकायला लागलं आणि कोणी लक्ष दिलं नाही, तर एका सकाळी पाच टन लोखंड तुमच्याकडं बघत उभं राहतं.

मालक म्हणाला, "ते सगळं रेट्रोफिटवाल्याकडं आहे. फोन लावा, माझं नाव सांगा."

लावला. "सर साइटवर आहेत." दुसऱ्या दिवशी लावला. "सर आत्ताच निघाले." चौथ्या दिवशी सर स्वतः सापडले, अगदी गोड बोलले, "आज संध्याकाळपर्यंत मेल करतो." त्यानंतर दहा दिवस व्हॉट्सॲपवर निळ्या खुणा तेवढ्या उमटत राहिल्या. शेवटी एका गुरुवारी कोल्हापूरहून पहाटे निघून भोसरीतलं त्याचं ऑफिस गाठलं, आणि गेटवर पोचल्यावर लक्षात आलं की गुरुवारी तिथं सुट्टी असते. सव्वादोनशेच्या वर किलोमीटर जाऊन कुलूप बघून, एक वडापाव खाऊन परत आलो.

पुढच्या मंगळवारी पुन्हा गेलो. ऑफिसात प्लास्टिकच्या स्टुलावर दोन तास. समोर कपाटात फायली लावलेल्या, प्रत्येकीच्या पाठीवर मशीनचं नाव. आपली फाइल त्यातच असणार असं मनाशी म्हणत होतो. सर आले आणि म्हणाले, "जुनं काम आहे, शोधावं लागेल. डॉक्युमेंटेशन चार्ज ३५ हजार." ज्या कामाचे पैसे मूळ मालकानं कधीच चुकते केलेत त्याच्या कागदाचे ३५ हजार! घासाघीस करून १२ वर आणलं, तेही मशीन घेतलं तर. इकडं आमच्या गिऱ्हाइकाचे फोन सुरू, कव्हरं कधी देता. दलालाचे वेगळेच फोन, राजकोटची पार्टी बघून गेली म्हणून. राजकोटची पार्टी प्रत्येक जुन्या मशीनला असते, हे मला माहीत होतं, तरी झोप उडायची ती उडालीच.

पस्तिसाव्या दिवशी पेन ड्राइव्ह आला. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात गिऱ्हाइकाचं नाव पांढऱ्या शाईनं खोडून मग स्कॅन केलेलं. मी पान उलटत गेलो. एटीसीच्या पानावर आर्मचा २४ टूलचा एटीसी! आमचं छत्रीवालं २०. म्हणजे कुठल्यातरी भलत्याच मशीनची फाइल. लॅडर त्याच मशीनचं. ते आमच्या मशीनवर चढवलं असतं तर टूल बदलताना काय झालं असतं ही कल्पनाही नको. फोन केला. "सर साइटवर आहेत."

आता माझी चूक सांगतो. आमच्याकडं एक अण्णा आहेत, तीस वर्षं मेंटेनन्समध्ये काढून रिटायर झालेले. त्यांना मी मुद्दाम काही सांगितलं नव्हतं. "रेट्रोफिटच्या भानगडीत पडू नकोस" असं ते एकदा म्हणाले होते, आणि मला त्यांना परस्पर मशीन आणून दाखवायचं होतं. शेवटी चहाच्या गाड्यावर तोंडातून निघून गेलं. अण्णांनी कप खाली ठेवला.

"म्हणजे महिनाभर त्याच्या दारात बसलास?"

"अण्णा, बॅकअप त्याच्याकडंच आहे ना."

"अरे लेका, मशीन चालतंय न्हवं? मग बॅकअप मशीनमध्येच आहे की!"

४२ व्या दिवशी अण्णांना घेऊन भोसरीत. खिशात २ जीबीचं सीएफ कार्ड (मेमरी कार्ड) आणि ते स्क्रीनशेजारच्या खाचेत बसवायचा ॲडॅप्टर. कंट्रोल बंद केला. स्क्रीनखालच्या सॉफ्ट कीपैकी उजवीकडच्या शेवटच्या दोन दाबून धरल्या आणि परत ऑन. काळ्या पडद्यावर बूटची यादी आली. 'एसरॅम डेटा युटिलिटी'मधून बॅटरीवरची सगळी मेमरी कार्डावर, 'सिस्टिम डेटा सेव्ह'मधून 'पीएमसी १', म्हणजे लॅडर. त्याच यादीत डिलीटचाही पर्याय आहे, त्यामुळं अण्णांनी माझा हात बाजूला सारून स्वतःच कळा दाबल्या. मग मशीन नेहमीसारखं चालू करून, पॅरामीटर २० मध्ये ४ (म्हणजे मेमरी कार्ड) टाकून, पॅरामीटर आणि ऑफसेट (टूलची मापं) वाचता येतील अशा फायलींतही काढून घेतले. सगळं मिळून वीस मिनिटं. परतीच्या वाटेवर खंबाटकीपर्यंत मी एक शब्द बोललो नाही.

पासवर्ड मिळाला नाही तो नाहीच. त्यामुळं लॅडर आत उघडून बघता येत नाही, बदल करता येत नाही. पण मेमरी उडाली तर होतं तसं परत चढवता येतं. ड्रॉइंगसाठी मालकाला विनंती करून एका सुट्टीच्या गुरुवारी शॉप उघडायला लावलं. अण्णा पॅनलपाशी, मी मशीनमागं, हातात कंटिन्युइटी टेस्टर आणि शंभर पानी वही. इमर्जन्सी स्टॉपची कळ एक्स ८.४ या इनपुटला असते, हे फॅनुकमध्ये ठरलेलंच. तिथून सुरुवात केली. बाकी इनपुट लावणाऱ्याच्या मर्जीवर. निम्म्या वायरींना नंबरचे फेरूल (वायरीच्या टोकाच्या नळ्या) होते, निम्म्यांना चिकटपट्टीवर पेनानं लिहिलेलं. संध्याकाळपर्यंत ६१ इनपुट-आउटपुट वहीत उतरले. ती वही आता पॅनलच्या दारात अडकवलीय. त्या वहीनंतरच मी इसार दिला.

मध्ये एक सांगायचं राहिलं. रिजिड टॅपिंग, म्हणजे स्पिंडलचं फिरणं आणि खाली जाणं जुळवून आटे पाडणं, चालवून बघाच. पुष्कळ रेट्रोफिटमध्ये पैसे वाचवायला स्पिंडलला साधा व्हीएफडी (वेग बदलणारा ड्राइव्ह) लावतात, एन्कोडर (फेरे मोजणारा सेन्सर) लावतच नाहीत. मग एम-२९ कोडनं टॅप मारता येत नाही, फ्लोटिंग (थोडा पुढंमागं सरकणारा) होल्डर घेऊन बसावं लागतं. आमच्या कामात दर बॉडीला आठ टॅप, तिथंच सौदा तुटला असता. आणि ड्राइव्ह २०० व्होल्टचे असतील तर ट्रान्सफॉर्मर सौद्यात धरला आहे की नाही हे लिहून घ्या. आमच्या वेळी तो "शॉपचा आहे" असं गाडी भरताना कळलं. १८ हजार त्याचे. ॲब्सोल्यूट एन्कोडरच्या बॅटऱ्या बदलायच्या त्या कंट्रोल चालू ठेवूनच, नाहीतर तिन्ही अक्षांचं रेफरन्स (शून्याची जागा) जातं. आम्ही त्या गाडी भरायच्या आदल्या दिवशीच बदलून घेतल्या.

हायड्रा क्रेन, ट्रेलर, लेव्हलिंग यात काही विशेष झालं नाही. एक्सचा स्क्रू दुरुस्त होऊन आला, १८५१ मध्ये आता ११ आहे.

परवा त्या ऑफिसातून फोन आला. "सर, तुमच्या मशीनचा बॅकअप सापडलाय, बारा हजार पाठवून द्या." म्हटलं, बॅकअप राहू दे, ड्रॉइंग आणि पासवर्ड आहे का?

"ते सरांना विचारून सांगते. सर साइटवर आहेत."