बुट्टीपासून बझरपर्यंत: आमची वाटचाल

इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आला 1904 साली. आमच्या घरात माग आजोबांनी आणले, वडलांनी चालवले आणि मी विकले. लिहायला बरं वाटत नाही पण झालं तेच, कापडाच्या मजुरीत लाइटबिल सुटत नव्हतं. त्या पैशातून सेकंडहँड एम्ब्रॉयडरी मशीन घेतलं आणि साड्यांच्या बुट्ट्यांचं जॉबवर्क धरलं.

स्मार्ट टेक्स्टाइल, म्हणजे सर्किट शिवलेलं कापड, वगैरे डोक्यात पण नव्हतं हो. आईला पॅरालिसिस झाला, रात्री चादर ओली झाली तरी तिला सांगता यायचं नाही, सकाळपर्यंत तशीच. भाचा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमावाला, म्हणाला मामा, चांदी चढवलेला नायलॉनचा धागा मिळतो, त्यातून करंट जातो, ओली झाली की बझर वाजवणारी मॅट तुमच्या मशीनवर शिवून बघूया की.

मग त्या धाग्यानं शिवायला कॉम्प्युटरवर दोन कंगवे काढले, दातात दात घातलेले पण एकमेकांना न टेकणारे. कोरडं असेपर्यंत सर्किट तुटलेलं, ओलं झालं की लघवीतल्या क्षारांमुळे करंट पलीकडं जातो आणि बझर वाजतो, बास एवढंच. चित्र काढायचं सॉफ्टवेअर इंकस्केप आणि त्यातलं भरतकामाचं इंकस्टिच दोन्ही फुकट, फाइल पेनड्राइव्हवर घ्यायची आणि मशीनला लावायची. वडील बघून म्हणाले, नक्षी विणणाऱ्या जॅकार्ड मागाच्या पंचकार्डाला तरी दुसरं काय होतं, भोकंच की.

पण सुईत धागा सारखा तुटायचा. आमच्या ऑपरेटर ताई वैतागून म्हणाल्या, दादा, खाली बॉबिनमध्ये भरा की हा! भरला, चालला. फक्त मग चांदीची बाजू खाली येते, म्हणजे कापड उलटं लावायचं आणि डिझाइन पण आरशातल्यासारखं फिरवायचं, ते आम्ही विसरलो आणि वायरीची टिच बटणं आली भिंतीकडच्या बाजूला. धाग्याची शेपटी कापायची राहिली की शॉर्ट. दातांमधलं अंतर आधी 3 मिलिमीटर ठेवलेलं, उन्हाळ्यात नुसत्या घामानं बझर, रात्री दोनला अख्खं घर जागं! मग 6 केलं आणि भाच्यानं प्रोग्रॅममध्ये पण थोडी ढील दिली.

एका गिऱ्हाइकानं पहिल्याच धुण्यात ब्लीच घातलं, चांदी काळी पडली, मॅट बंद, आणि वर पैसे परत मागितले. दिले. चूक आमचीच, सांगितलंच नव्हतं. आता लेबल शिवतो, मोठ्या अक्षरात, मराठीत.

भाडं अजून बुट्ट्यांवरच निघतं, मॅट ऑर्डरप्रमाणे. सध्या टिच बटणाच्या जागी चुंबक लावून बघतोय, म्हाताऱ्या बोटांना ते सोपं पडतं. फक्त ताईंच्या टेबलावरच्या सगळ्या सुया त्याला जाऊन चिकटतात आणि शिव्या मला.