आमची वाटचाल : जुने कटर, नवे कटर आणि दुरुस्तीचा बाक

दापोलीतला आमचा व्यवसाय वडिलांनी डिझेल इंजिने आणि शेतीपंपांच्या दुरुस्तीपासून सुरू केला. चेन सॉ, म्हणजे इकडे सगळे ज्याला कटर म्हणतात ते यंत्र, आमच्या बाकावर आले ते लाकूड व्यापाऱ्यांमुळे. ऐन, किंजळ, आंबा, फणस यांचे मोठे ओंडके गाडीपर्यंत ओढत नेण्यापेक्षा जागेवरच तुकडे करणे परवडत असे आणि त्यासाठी त्यांच्याकडे स्टिल (Stihl) या जर्मन कंपनीचे 070 हे मॉडेल असे. आज आम्ही कटरची विक्री आणि दुरुस्ती दोन्ही करतो. मात्र जुने चांगले की नवे चांगले, हा ग्राहकाचा पहिला प्रश्न अजून बदललेला नाही. त्याचे उत्तर आम्ही विक्रीच्या टेबलापेक्षा दुरुस्तीच्या बाकावर अधिक शिकलो.

070 चे इंजिन सुमारे 106 सीसीचे आणि यंत्राचे वजन पट्टी (जिच्या कडेने चेन फिरते ती लांब पाती) व चेन न धरता दहा किलोच्या आसपास. हे इंजिन आजच्या यंत्रांच्या मानाने हळू फिरते, पण लांब पट्टी जाड ओंडक्यात पूर्ण बुडालेली असली तरी दम सोडत नाही. त्यातील प्रत्येक भाग साध्या पान्यांनी खोलता येतो आणि बेअरिंग, सील, रिंगा बदलल्या की यंत्र पुन्हा उभे राहते. जुन्या यंत्रांच्या टिकाऊपणाची जी ख्याती आहे, तिचे अर्धे श्रेय भक्कम धातूला असेल तर उरलेले अर्धे या सुलभ दुरुस्तीला आहे, असे माझे मत आहे. पण या मॉडेलला चेन ब्रेक नाही. पट्टीचे टोक फांदीला अडकून यंत्र उलटे उसळले, तर चेन थांबवणारे काहीही मध्ये नसते. मुठी आणि इंजिन यांच्यामध्ये रबर किंवा स्प्रिंगचा आधार नसल्याने सगळा हादरा थेट मनगटात जातो. दिवसभर असे यंत्र चालवणाऱ्या कामगारांच्या बोटांना संध्याकाळी मुंग्या येतात आणि वर्षानुवर्षांच्या कामाने ती पांढरी पडून बधिर होऊ लागतात. यंत्र वीस वर्षे टिकले आणि चालवणाऱ्याचा हात टिकला नाही, तर त्या टिकाऊपणाचा हिशेब कसा मांडायचा?

त्यानंतरच्या पिढीतील हुस्क्वार्ना कंपनीचे 372 हे मॉडेल शेजारी ठेवले की फरक हातालाच कळतो. इंजिन 70.7 सीसी, वजन सहा किलोंच्या थोडे वर, चेन ब्रेक आणि हादरे शोषणारी रचना मुळातच बसवलेली. मध्यम जाडीच्या झाडात हे यंत्र जुन्यापेक्षा लवकर आरपार जाते, कारण त्याची चेन कितीतरी जास्त वेगाने फिरते. पण हा वेग निष्काळजीपणा खपवून घेत नाही. पेट्रोल-ऑइलच्या मिश्रणात ऑइल कमी पडले किंवा एअर फिल्टर फाटला, तर जुने यंत्र कुरकुरत का होईना चालत राही. नवे थोड्याच वेळात जाम होते.

पिस्टन बाहेर काढला की कारण बहुतेक वेळा त्याच्या अंगावरच दिसते. एक्झॉस्टच्या बाजूला उभे, खोल ओरखडे असतील आणि रिंग खाचेत चिकटलेली असेल, तर ऑइल तरी कमी पडले आहे किंवा कुठून तरी जादा हवा ओढली गेली आहे. उलट कार्बोरेटरच्या बाजूने पिस्टन मंद, राखाडी दिसत असेल आणि कारखान्यातल्या कातकामाच्या बारीक रेषा पुसल्या गेल्या असतील, तर फिल्टरमधून धूळ आत गेली आहे. ‘नव्या मशीनमध्ये दम नाही’ अशी तक्रार घेऊन आलेल्या ग्राहकासमोर आम्ही पिस्टन ठेवतो. पुढचे बोलणे सोपे जाते.

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ दिवेआगरजवळ किनाऱ्यावर आले आणि श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या पट्ट्यातील नारळी-पोफळीच्या आणि आंबा-काजूच्या बागा आडव्या झाल्या. रस्ते आणि घरे मोकळी करण्यासाठी गोठ्यात पडलेली जुनी यंत्रेही बाहेर निघाली. जुने-नवे यांची एवढी कठोर परीक्षा एरवी झाली नसती. नारळाचे खोड वरून मऊ वाटते, पण त्याचे तंतू क्लचच्या ड्रममध्ये गुंडाळले जातात आणि किनाऱ्यालगतच्या बागांत सालीत बसलेली वाळू चेनचे दात बघता बघता बोथट करते. अशा वेळी मोठ्या इंजिनाचा उपयोग फारसा नव्हता. ज्याच्या खिशात योग्य मापाची कानस होती, त्याचे काम पुढे सरकत होते. वजनदार यंत्रे आडव्या झाडांच्या गुंत्यात उचलून फिरवणे कठीण जाई आणि चेन ब्रेक नसलेले यंत्र दाबाखाली वाकलेल्या फांदीवर चालवणे तर जिवाशी खेळच होता. टाळेबंदीमुळे सुटे भाग येईनात, तेव्हा बंद पडलेल्या यंत्रांचे भाग काढून दुसऱ्यांना जोडावे लागले आणि त्या कामात एकाच मॉडेलची यंत्रे तालुक्यात पुष्कळ असण्याचा मोठा फायदा झाला. तेव्हापासून सुटे भाग आणि दुरुस्ती जवळ मिळत नसेल ते मॉडेल, कितीही नावाजलेले असले तरी, आम्ही दुकानात ठेवत नाही.

त्याच सुमारास 52 आणि 58 सीसीची, नाव नसलेली स्वस्त आयात यंत्रे बाजारात वाढली. वर्षातून चार दिवस सरपण तोडणाऱ्याला ती पुरतात. रोजंदारीवर लाकूड तोडणाऱ्याने घेऊ नयेत, कारण एकाच मापाच्या दोन यंत्रांचे भागही कधीकधी एकमेकांना बसत नाहीत.

अलीकडची सर्वांत मोठी डोकेदुखी इंधनाची आहे. पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते हवेतील ओलावा शोषते. कोकणात पावसाळ्याचे चार महिने कटर बहुधा बंद असतो. टाकीत राहिलेल्या मिश्रणाने जुन्या यंत्रांची रबरी नळी आणि कार्बोरेटरचा पातळ पडदा कडक होतो, आणि ऑक्टोबरात दोरी ओढून खांदा दुखला तरी इंजिन पेट घेत नाही. नव्या मॉडेलांतील रबर या बाबतीत बरे आहे, निर्धोक नाही. म्हणून टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे आणि मगच ठेवावे, असे आम्ही प्रत्येक बिलावर शिक्का मारून सांगतो. मिश्रणाचे प्रमाण कंपनीच्या ऑइलसाठी एक लिटरला 20 मिलिलिटर. ऑइल साधे असेल तर त्याच्या दुप्पट. जळके इंजिन ऑइल चेनला घालण्याची सवय मात्र अजून सुटत नाही. त्यातील धातूच्या कणांनी ऑइल पंप आणि पट्टी दोन्ही झिजतात.

सध्या बागायतदाराला आम्ही स्टिलच्या एमएस 180 सारखे 31.8 सीसीचे हलके यंत्र सुचवतो. जुन्या हापूस बागांच्या पुनरुज्जीवनात फांद्या ठरावीक उंचीवर छाटाव्या लागतात आणि तिथे कापाची सफाई ताकदीपेक्षा महत्त्वाची असते. रोजच्या तोडकामाला 60 ते 70 सीसीचे, चेन ब्रेक असलेले, कार्बोरेटर हाताने जुळवता येणारे यंत्र आम्हाला अजूनही सर्वांत भरवशाचे वाटते. हवा आणि इंधनाचे प्रमाण स्वतः जुळवणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रे उत्तम चालतात, पण त्यांतील बिघाड तपासण्याची साधने तालुक्याच्या ठिकाणी दुर्मिळ आहेत. 070 आजही आमच्याकडे दुरुस्तीला येते आणि आम्ही ते आवडीने करतो, फक्त जाड ओंडके चिरणाऱ्यासाठी. बॅटरीवरच्या यंत्रांची चौकशी छाटणीवाल्यांकडून वाढली आहे. मागच्या हंगामापासून त्यातले एक आम्ही भाड्याने देऊ लागलो आहोत. बागेत वीज नसेल तर जादा बॅटरी सोबत द्यावी लागते, आणि भाड्यापेक्षा तिचीच अनामत मोठी होते.