झ्युरिक ते मिलान: बोगदा टाळून घाटातून

झ्युरिकहून मिलानला जायचं म्हटलं की रेल्वेचं अ‍ॅप सगळ्यांत आधी सव्वातीन तासांची थेट युरोसिटी, म्हणजे देशादेशांमधली जलद गाडी, दाखवतं. ही गाडी ५७ किलोमीटर लांबीच्या नव्या गोटहार्ड बोगद्यातून जाते. २०१६ साली सुरू झालेला हा जगातला सर्वांत लांब रेल्वे बोगदा. माणसाच्या हातचं थोर काम आहे, पण प्रवाशाच्या वाट्याला येतो तो पंधरा-वीस मिनिटांचा काळोख. माझ्यासोबत आई होती. तिचं माहेर कर्जतचं, घाट चढायला गाडीला मागून ढकलणारी बँकर इंजिनं लागताना बघत मोठी झालेली. तिला विचारलं, "आई, आल्प्सच्या पोटातून जायचं की घाटातून?" ती म्हणाली, "घाट असताना बोगद्यात कशाला शिरायचं?"

जुना मार्ग १८८२ सालचा आहे आणि आजही चालू आहे. त्यावर तांबूस रंगाची 'ट्रेनो गोटार्डो' धावते. झ्युरिकहून थेट गाडी दर दोन तासांनी मिळते, मधल्या वेळेत निघालात तर आर्थ-गोल्डाउला गाडी बदलायची. आल्प्सपलीकडच्या बेलिंझोनापर्यंत बोगद्याच्या गाडीपेक्षा साधारण तासभर जास्त लागतो. अ‍ॅप हा मार्ग आपणहून सुचवत नाही, त्यासाठी 'व्हाया'च्या रकान्यात घाटमाथ्यावरचं गेशेनेन हे स्टेशन लिहा. नेहमीचं तिकीट दोन्ही मार्गांना चालतं. सवलतीचं स्वस्त तिकीट मात्र त्याच गाडीला बांधलेलं असतं, ते घेताना गाडी नीट बघून घ्या. स्विस ट्रॅव्हल पास असेल तर तो सरहद्दीवरच्या कियासोपर्यंत चालतो, पुढचं इटलीतलं तिकीट वेगळं.

निघताना उजवीकडची खिडकी धरा. आधी झुगचं तळं, मग ब्रुनेनपासून फ्ल्युएलेनपर्यंत उरीचं तळं, दोन्ही उजव्या हाताला अगदी रुळाला लागून. खायचं झ्युरिक स्टेशनातच घ्या, तिथली दुकानं रविवारीही उघडी असतात. आम्ही सोबत मेथीचे ठेपले नेले होते.

खरी मजा एर्स्टफेल्डनंतर. एर्स्टफेल्ड समुद्रसपाटीपासून ४७२ मीटरवर, गेशेनेन ११०६ मीटरवर, आणि मधलं अंतर जेमतेम तीस किलोमीटर. आपल्या बोरघाटाचा चढ ३७ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर, इथलाही जवळपास तेवढाच. आपल्याकडे १८६३ साली घाट सुरू झाला तेव्हा खंडाळ्याजवळ रिव्हर्सिंग स्टेशन होतं, तिथे गाडीची दिशा उलटून वर नेत. इथे त्यांनी डोंगराच्या आत गोल फिरणारे बोगदे खोदले. गाडी डोंगरात शिरते, पूर्ण वळसा घेते आणि बाहेर पडते ती आधीच्या रुळांच्या वरच्या अंगाला. आत असताना वळण कळत नाही. कळतं ते वासेन गावच्या पांढऱ्या चर्चमुळे. पहिल्यांदा ते मान वर करून बघावं लागतं, मग ते खिडकीच्या पातळीवर येतं आणि तिसऱ्यांदा खाली खेळण्याएवढं दिसतं. इथे एकाच खिडकीला चिकटून बसू नका, डबा रिकामा असेल तर दोन्हीकडे फिरा. तिसऱ्यांदा चर्च दिसलं तेव्हा आईने टाळ्या वाजवल्या. समोरच्या स्विस आजीबाईंनीही तिला साथ दिली.

गेशेनेनहून १५ किलोमीटरचा जुना बोगदा लागतो आणि पलीकडे ऐरोलोला पाट्या इटालियन होतात. आम्ही ऐरोलोला उतरलो. स्टेशनजवळ विन्चेन्झो वेला या शिल्पकाराचं ब्राँझचं शिल्प आहे, बोगद्यात मेलेल्या मजुराला सोबती स्ट्रेचरवरून नेताहेत. दहा वर्षांच्या त्या कामात जवळपास दोनशे माणसं अपघातांत गेली. १८७५ साली संप केलेल्या मजुरांवर गोळ्या झाडल्या, चौघे मेले. कंत्राटदार लुई फाव्र स्वतः १८७९ मध्ये बोगद्यातच कोसळून वारला. आई शिल्पासमोर बराच वेळ उभी राहिली. "आपल्या घाटात किती गेले असतील रे," एवढंच म्हणाली. या गाडीने जाणार असाल तर इथे एक तास काढा, पुढची गाडी तासाभराने येतेच.

त्या एका तासापायी आमची बेलिंझोनाहून मिलानची युरोसिटी गेली. इटलीत जाणाऱ्या युरोसिटीला आसन-आरक्षण सक्तीचं असतं आणि आमचं तिकीट न बदलता येणारं होतं, म्हणून पैसे बुडाले. त्यामुळे सांगतो: घाटातून येणार असाल तर मिलानचा टप्पा मोकळा ठेवा. बेलिंझोनाहून लुगानोला या आणि तिथून मिलान चेन्त्राले या मिलानच्या मुख्य स्टेशनाला थेट जाणारी आरई ८० ही प्रादेशिक गाडी पकडा. तिला आरक्षण लागत नाही. लुगानो सुटल्यावर मेलीदेचा बांध येतो, तिथे गाडी तळ्याच्या मधोमध चालते आणि दोन्हीकडे पाणी असतं. युरोसिटीत बसला असतात तरी हे दिसलंच असतं, तेव्हा फार काही हुकत नाही.

कियासोला पोलीस डब्यात चढू शकतात. व्हिसा शेंगेनचाच असला तरी पासपोर्ट सामानात खोल पुरून ठेवू नका. मिलान चेन्त्रालेवर फलाटाच्या तोंडाशी फाटकं आहेत आणि बाहेरच्या गर्दीत पाकीटमार. वडीलधारी माणसं सोबत असतील तर आधी त्यांना बाजूला बसवा, मग टॅक्सी शोधा.

हिवाळ्यात जाणार असाल तर झ्युरिकहून सकाळचीच गाडी घ्या. दुपारी उशिरा निघालात तर वासेनला पोचेपर्यंत अंधारलेलं असेल, आणि चर्च एकदाही धड दिसायचं नाही.