व्हॅनला पुढचा अ‍ॅक्सल बसला!

आज दिवसभर डेन्व्हरला मित्राच्या गॅरेजमध्ये त्याच्या हाताखाली काम केलं. त्याची फोर्ड ई-३५० फक्त मागच्या चाकांवर चालायची. या व्हॅनला फोर्डने कारखान्यातून फोर-व्हील ड्राइव्ह (चारही चाकांना इंजिनची ताकद) कधी दिलंच नाही, त्यामुळे ज्याला हवं त्याने ते बाहेरूनच करून घ्यायचं.

पुढचं ट्विन आय-बीम (दोन वेगळ्या दांड्यांचं मूळ सस्पेन्शन) काढून डाना ६० या दणकट प्रकारचा अख्खा अ‍ॅक्सल घातला. गिअरबॉक्समागे ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलला ताकद वाटणारी पेटी) आली, म्हणून मागच्या अ‍ॅक्सलकडे जाणारा शाफ्ट आखूड करावा लागला. आणि अ‍ॅक्सलचा गिअर रेशो (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती फेरे)! मागे ४.१० तर पुढेही ४.१०च हवा, नाहीतर कोरड्या रस्त्यावर काय, चिखलातही दोन्ही अ‍ॅक्सल एकमेकांशी भांडत राहतात.

संध्याकाळी स्टँडवर पुढची चाकं फिरली तेव्हा फार आनंद झाला. आता ब्रेकचे लांब होज (नळ्या) आणि चाकांची अलाइनमेंट बाकी आहे.